ज्येष्ठांचा सर्दी-खोकला: अनावश्यक अँटिबायोटिक कसे टाळावे

साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक बहुतेकदा लिहून दिले जाते ते खबरदारी म्हणून. सत्तरीच्या रुग्णाची नेमकी माहिती हाती नसेल आणि तो पुन्हा दाखवायला येईल याची खात्री नसेल, तर डॉक्टर धोका पत्करत नाहीत. म्हणून दवाखान्यात जाताना ही माहितीच सोबत न्यावी. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, सकाळ-संध्याकाळ ताप किती होता आणि ऑक्सिमीटर असल्यास त्यावर किती आकडा आला, हे कागदावर लिहावे. रोजच्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम काही अँटिबायोटिकांमुळे वाढून रक्तस्राव होऊ शकतो, आणि लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी साठीनंतर स्नायुबंधाला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) इजा होण्याचा किंवा मधुमेहींची साखर एकदम उतरण्याचा धोका असतो.

‘काहीतरी स्ट्राँग द्या’ असे म्हणू नये. त्याऐवजी ‘डॉक्टर, हे व्हायरल वाटते का? अँटिबायोटिक न घेता दोन दिवस थांबलो तर चालेल का, आणि कशावर लक्ष ठेवू?’ असे सरळ विचारावे आणि पुन्हा दाखवण्याचा दिवस तिथेच ठरवून घ्यावा. कफ पिवळा किंवा हिरवट झाला, एवढ्यावरून संसर्ग जीवाणूंचा ठरत नाही, आणि विषाणूंमुळे आलेला खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. मात्र दम्याचा किंवा सीओपीडीचा (फुप्फुसांतील श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा) जुना आजार असल्यास कफ वाढल्याचे लगेच सांगावे. फ्लूची शंका असेल तर त्यावरचे विषाणूविरोधी औषध पहिल्या 48 तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून तिथे थांबू नये.

थांबणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. उतारवयात न्यूमोनिया झाला तरी कधी कधी ताप येतच नाही. आजी नुसतीच गप्प होते, जेवण टाळते, वेळ-काळ विसरते किंवा तोल जाऊन पडते. असे काही दिसले, श्वास मिनिटाला 30 च्या आसपास गेला, धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मग डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले, तर ते सांगितल्याप्रमाणेच घ्यावे.

मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मात्र डब्यातून काढून टाकाव्यात. पट्टीवरची उभी लाल रेघ हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढेच सांगत असते. मागच्या वर्षीची चिठ्ठी या खोकल्यासाठी नसते.