खाटेजवळ लिहिलेला केअर प्लॅन: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना विषयांची धास्ती असते, पण प्रत्यक्षात त्यांची दमछाक होते ती लेखी कामाने. बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन हे विषय एकदम अंगावर येतात. वॉर्डातील पोस्टिंग सुरू झाली की त्यांच्या जोडीला केअर प्लॅन (एका रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा), केस स्टडी, ड्रग स्टडी, हेल्थ टॉक आणि प्रोसिजर बुक येते, तर पुढे कम्युनिटी पोस्टिंगमध्ये, म्हणजे गावातील कामात, फॅमिली फोल्डर (एका कुटुंबाच्या आरोग्याची नोंद) येतो. जीएनएम (नर्सिंगची पदविका) आणि एएनएम (सहायक नर्सचा अभ्यासक्रम) यांच्या विद्यार्थ्यांकडे हे काम थोड्याफार फरकाने असतेच. या लेखात केअर प्लॅन आणि फॅमिली फोल्डर यांचाच विस्ताराने विचार केला आहे, कारण आपल्या विदर्भातील खेड्यापाड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना याच दोन कामांत सर्वाधिक गुण मिळू शकतात आणि नेमकी हीच दोन कामे सर्वाधिक नकलून काढली जातात.

नक्कल कशी अंगाशी येते, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. दुसऱ्या वर्षी सर्जिकल वॉर्डात मला मधुमेहाचा एक रुग्ण मिळाला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढलेला होता. फाइल दुसऱ्या दिवशी द्यायची म्हणून रात्री होस्टेलवर सीनियर ताईची जुनी फाइल समोर ठेवून मी तपासणीचे पान उतरवले, आणि त्यात 'दोन्ही पायांच्या नाड्या सारख्या जाणवतात' हे वाक्यही आले. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी ते पान शांतपणे वाचले, मला त्या रुग्णाच्या खाटेजवळ नेले आणि म्हणाल्या, "डाव्या पायाची नाडी मोजून दाखवा." त्यानंतर मी खाटेजवळ न बसता एकही केअर प्लॅन लिहिला नाही.

माहिती गोळा करताना

केअर प्लॅनचे पाच टप्पे सर्वांना पाठ असतात: माहिती गोळा करणे, नर्सिंग निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. पहिल्या टप्प्यात कमतरता राहिली तर पुढचे चारही टप्पे पोकळ होतात. म्हणून रुग्ण मिळाल्यावर आधी केस पेपर उघडू नये. प्रथम रुग्णाला आपले नाव आणि आपण विद्यार्थी असल्याचे सांगावे, त्याची परवानगी घ्यावी आणि स्टुलावर बसून त्याचे बोलणे ऐकावे. उभ्या-उभ्या विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडचा माणूस 'बरं हाय जी' एवढेच उत्तर देतो.

रुग्ण जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहावे. 'माये हातपाय लय ठणकून रायले' हे वाक्य तसेच्या तसे फाइलीत यायला हवे, आणि फाइल इंग्रजीत द्यायची असेल तर त्याखाली त्याचा अर्थ लिहावा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी संज्ञांचा जो त्रास होतो, त्यावर माझ्या मते एकच उपाय खात्रीने लागू पडतो: खिशात मावेल एवढी एक वही ठेवावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत. पहिल्यात संज्ञा, दुसऱ्यात प्रमाण मराठी शब्द, तिसऱ्यात रुग्णाचा शब्द. 'डिस्प्निया', 'धाप', 'दम भरून येते'. 'इडिमा', 'सूज', 'पाय फुगले'. वर्षअखेर या वहीची किंमत कोणत्याही गाइडपेक्षा जास्त असते, कारण तोंडी परीक्षा इंग्रजीत झाली तरी रुग्ण तिसऱ्याच रकान्यातले बोलतो. मेळघाटात कोरकू किंवा भामरागडकडे माडिया बोलणारा रुग्ण असेल, तर माहिती कोणाच्या मध्यस्थीने मिळाली याचीही नोंद करावी. आणि बाईच्या पाळीविषयी किंवा अंगावरून जाण्याविषयी विचारायचे असेल तर तिच्या लहान मुलाला दुभाष्या करू नये.

त्यानंतर स्वतः मोजलेली माहिती येते: ताप, नाडी, श्वसन, रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण, सूज, त्वचेचा रंग, लघवीचे प्रमाण. टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्टवरील आकडे उतरवू नयेत. श्वसन तर पूर्ण एक मिनिट मोजावे आणि रुग्णाला कळू न देता, नाडीवर बोट तसेच ठेवून मोजावे. आपला आकडा आणि चार्टवरील आकडा जुळला नाही, तर गप्प न बसता इन्चार्ज सिस्टरला दाखवावा. केस पेपर, रक्ताचे अहवाल आणि डॉक्टरांच्या ऑर्डर यांची पाळी सर्वांत शेवटी येते. फाइलीत रुग्णाचे पूर्ण नाव घालू नये, आद्याक्षरे पुरेशी आहेत. मोबाइलवर त्याचा फोटो काढणे तर सर्वथा टाळावे.

एक उदाहरण

आपल्या भागात नेहमी भेटणारे उदाहरण घेऊ. समजा, तुम्हाला 17 वर्षांची सिकलसेलची मुलगी मिळाली आहे. डिसेंबरातील थंडीत दोन दिवस कापूस वेचून आल्यावर तिचे गुडघे आणि कंबर असह्य दुखू लागली, म्हणून तिला भरती केले आहे. ती वेदनेला 10 पैकी 8 गुण देते, नाडी 112 आहे, ओठ कोरडे आहेत आणि सकाळपासून तिने जेमतेम दोन पेले पाणी घेतले आहे.

इथे बहुतेक विद्यार्थी नर्सिंग निदानाच्या रकान्यात 'सिकलसेल ॲनिमिया' लिहून मोकळे होतात. ते डॉक्टरांचे निदान आहे. नर्सिंग निदानात समस्या, तिचे कारण आणि तिचा पुरावा अशी तीन अंगे असतात. त्यामुळे इथे 'विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींनी लहान रक्तवाहिन्या अडल्यामुळे ऊतींना प्राणवायू कमी पडून होणारी तीव्र वेदना. पुरावा: वेदनेचा गुण 8, नाडी 112, गुडघा हलवू न देणे' असे निदान तयार होते. दुसरे निदान पाणी कमी पडण्याचे, तिसरे आजाराविषयीच्या अपुऱ्या माहितीचे. त्यांचा क्रम मनाने लावायचा नसतो: श्वास आणि रक्ताभिसरण यांना धोका असेल तर तो आधी, मग वेदना व द्रव, आणि आरोग्यशिक्षण त्यानंतर.

ध्येय असे लिहावे की ते मोजता येईल. 'वेदना कमी होईल' हे ध्येय नव्हे. '2 तासांत वेदनेचा गुण 8 वरून 4 किंवा त्याखाली येईल' हे ध्येय आहे. शुश्रूषेच्या रकान्यातही हाच नियम आहे. 'आरामदायी स्थिती दिली' हे वाक्य मी इतक्या फाइलींत वाचले आहे की आता ते डोळ्यांना दिसतही नाही. त्याऐवजी 'दोन्ही गुडघ्यांखाली चादरीची घडी ठेवली, खिडकीजवळची खाट बदलून घेतली, घरची गोधडी पांघरली' असे लिहिले की तुम्ही तिथे होता हे कळते. प्रत्येक कृतीसमोर तिचे शास्त्रीय कारण हवे. ऊब का दिली, तर थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि अडथळा वाढतो. म्हणूनच या रुग्णाला बर्फाचा शेक देत नाहीत. पाणी वारंवार का पाजले, तर शरीरातील पाणी घटले की पेशी विळ्यासारख्या होण्याची क्रिया वाढते. सलाइन आणि वेदनाशामक औषध 'डॉक्टरांच्या ऑर्डरप्रमाणे' असेच लिहावे, वेळ व मात्रा यांसह. छातीत दुखणे, ताप, धाप किंवा एका बाजूची ताकद जाणे यांवर लक्ष ठेवल्याची नोंद विसरू नये, कारण या आजारात धोक्याची सूचना त्यांतूनच मिळते.

सलाइनचा वेगही स्वतः काढून दाखवावा. 1000 मिलि 8 तासांत द्यायचे आणि सेटचे 20 थेंब म्हणजे 1 मिलि असेल, तर 1000 ला 20 ने गुणून 480 मिनिटांनी भागावे. उत्तर मिनिटाला सुमारे 42 थेंब येते. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो आधी वाचावा.

मूल्यमापनात दोन तासांनंतरचा खरा गुण लिहावा. तो 5 असेल तर 'ध्येय अंशतः साध्य' असे लिहून पुढे काय बदलले ते नोंदवावे. सगळ्या रकान्यांत 'ध्येय साध्य झाले' असे लिहिलेली फाइल पाहिली की तपासणाऱ्याला पहिला संशय येतो. आरोग्यशिक्षणात या मुलीच्या आईवडिलांना सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे आनुवंशिकतेचे गणित: आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. 'एक झालं, आता बाकीचे चांगले निघतीन' हा समज त्याच वेळी दूर करावा.

ड्रग स्टडीबद्दल, म्हणजे एकेका औषधाच्या लेखी अभ्यासाबद्दल, थोडक्यात एवढेच सांगता येईल की औषधाचे नाव, मात्रा आणि दुष्परिणाम कोणीही उतरवतो; गुण मिळतात ते नर्सच्या जबाबदारीच्या रकान्याला. लेबर रूममध्ये मॅग्नेशियम सल्फेट (गरोदरपणातील झटक्यांवरचे औषध) अभ्यासाला घेतले असेल, तर पुढचा डोस देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वसनाचा वेग आणि लघवीचे प्रमाण तपासणे, तसेच त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवणे, हे तिथे असलेच पाहिजे. गरोदर बाईच्या लाल गोळीत 60 मिग्रॅ लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते हे लिहिताना, ती चहासोबत घेऊ नये आणि शौच काळी झाली तरी घाबरू नये, हेही लिहावे. पुष्कळ जणी याच भीतीने 'गोया' कोठीमागे टाकून देतात.

गावातील काम

कम्युनिटी पोस्टिंगमध्ये कुटुंब निवडताना रस्त्यालगतचे सोयीचे घर घेण्याचा मोह होतो. त्याऐवजी उपकेंद्राच्या एएनएम ताई किंवा आशाताई यांना विचारून असे घर निवडावे, जिथे गरोदर बाई, लहान बाळ किंवा जुना आजार आहे, म्हणजे पुढच्या भेटींत लिहिण्यासारखे काहीतरी घडते. वेळेचा विचार आधी करावा. पश्चिम विदर्भात कापूसवेचणीच्या दिवसांत आणि भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत सकाळी दहाला गेलात तर घरी म्हातारी आणि लेकरे एवढीच भेटतील. सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीला जावे, आणि परतीच्या एसटीची वेळ ट्यूटर मॅडमना सांगून ठेवावी.

पहिल्या भेटीत अर्ज भरल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. वंशवृक्ष, घराची रचना, पाण्याचा स्रोत, सांडपाणी, शौचालय, जनावरांचा गोठा ही माहिती अर्धी डोळ्यांनी मिळते. शौचालयात सरपण भरलेले दिसले, तर 'शौचालय आहे' या रकान्यात खूण करून थांबू नये. ते वापरात नाही आणि का नाही, हे लिहावे. फवारणीच्या औषधाचे डबे कुठे ठेवले आहेत, हे मुद्दाम पाहावे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधांनंतर या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. बॅग टेक्निकमध्ये, म्हणजे घरभेटीची पिशवी स्वच्छपणे वापरण्याच्या पद्धतीत, आधी वर्तमानपत्र अंथरणे, मग हात धुणे आणि त्यानंतर साहित्य काढणे हा क्रम घरातल्यांच्या देखत पाळावा.

आहाराचा तक्ता हा फॅमिली फोल्डरमधील सर्वांत हास्यास्पद भाग ठरतो, कारण त्यात सफरचंद, पनीर आणि सूप येते. ज्या घरी ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण शिजते, तिथे आंबाडी, तरोटा, शेवग्याची पाने, जवसाची चटणी, शेंगदाणे, आणि जेवणासोबत लिंबाची फोड असा तक्ता द्यावा. लिंबामुळे पालेभाजीतील लोह अंगी लागते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भात मुख्य आहे, तिथे तक्ता त्याप्रमाणे बदलावा.

हेल्थ टॉक पंधरा-वीस मिनिटांचा असावा आणि त्यात बोलण्यापेक्षा करून दाखवणे जास्त असावे. अंगणवाडीत जुलाबावर बोलताना मी ओआरएसचे पाकीट एका बाईच्या हाती दिले आणि तिला घरी करते तसे करून दाखवायला सांगितले. तिने अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात टाकले आणि उरलेले पुडी बांधून ठेवले. मग आम्ही पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली मागवली, ती भरून भगुन्यात ओतली, पूर्ण पाकीट त्यात टाकले आणि पाणी भगुन्यात कुठवर आले ते सर्वांना दाखवले. झिंकची गोळी जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायची, हे त्यानंतर सांगितले. फोल्डरमध्ये हा सगळा प्रसंग चार ओळींत आला, आणि चार्टपेपरवरच्या रंगीत चित्रांपेक्षा मॅडमना तोच पटला.

हजेरीची बाब कोरडी असली तरी लक्षात ठेवावी: बीएस्सी नर्सिंगमध्ये परीक्षेला बसण्यासाठी थिअरी आणि प्रात्यक्षिकात 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक क्लिनिकल विभागाची 100 टक्के हजेरी भरून काढावी लागते. लग्नसराईत बुडालेली ड्युटी पुढच्या सुट्टीत करावी लागते, आणि तोवर तो रुग्ण घरी गेलेला असतो. म्हणून फाइलीचे कच्चे लेखन त्याच दिवशी, ड्युटी संपल्यावर वॉर्डातच अर्धा तास बसून करावे. होस्टेलवर वीज गेली तरी मग पक्के लेखन तेवढे उरते. सही ज्या दिवशीची त्या दिवशीच घ्यावी. महिनाअखेर तीस सह्या एकदम मागणाऱ्याच्या फाइलीतील प्रत्येक तारीख बारकाईने तपासली जाते. फॅमिली फोल्डरच्या शेवटच्या भेटीच्या पानावर, कुटुंबाची कोणती कामे अजून बाकी आहेत आणि ती कोणत्या आशाताईंकडे किंवा एएनएम ताईंकडे सोपवली, हे लिहून त्यांना वाचून दाखवावे आणि मगच फोल्डर जमा करावा.