दोन ओळींच्या कोडला किती वेळ लागतो, ते कसं मोजायचं

कोडच्या आधी घड्याळ बघायचं, नंतर बघायचं आणि वजाबाकी करायची. मोठ्या कामाला हे चालतं. पण कामच दहा-वीस नॅनोसेकंदांचं असेल तर वेळ विचारण्यातच तेवढा वेळ जातो.

म्हणून आधी घड्याळच मोजा. मध्ये काहीही न ठेवता लागोपाठ दोनदा वेळ घ्या, असं हजारदा करा आणि सगळ्यांत लहान फरक टिपून ठेवा. लिनक्सवर तो साधारण २०-३० नॅनोसेकंद निघतो, म्हणजे ३ गिगाहर्ट्‌झवर ६० ते ९० सायकल (प्रोसेसरचे ठोके). घड्याळ मोनोटॉनिकच, म्हणजे कधीही मागे न जाणारं घ्या. तारीख-वेळेचं घड्याळ मध्येच जुळवलं जातं आणि उत्तर चक्क उणे येऊ शकतं.

मग कोड लूपमध्ये घाला, एकूण वेळ काही मिलिसेकंद भरेल आणि त्यापुढे घड्याळाचा खर्च नगण्य ठरेल इतक्या फेऱ्या करा आणि भागाकार करा. इथे कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) डाव टाकतो. ज्या उत्तराचा पुढे उपयोग नाही, ते काढणारा कोडच तो उडवतो. ‘शून्य नॅनोसेकंद’ बघून मीही एकदा हरखले होते. कंपायलरने बनवलेली असेंब्ली उघडली तर लूपचा पत्ताच नाही! उत्तर शेवटी छापा, म्हणजे कोड टिकतो. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) बंद करून मोजू नका. तसा कोड प्रत्यक्षात चालवणार कोण?

लूपची दुसरी खोड म्हणजे पहिल्या फेरीनंतर डेटा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत येऊन बसतो. एल-१ या सगळ्यांत जवळच्या कॅशमधून वाचायला ४-५ सायकल पुरतात, मुख्य मेमरीतून आणायला शंभर नॅनोसेकंदांच्या घरात वेळ जातो. त्यामुळे गरम (डेटा आधीच आत असलेल्या) आणि थंड (डेटा नसलेल्या) कॅशचे आकडे वेगवेगळे घ्या. कॅश थंड करायला प्रत्येक मोजणीआधी कॅशच्या काही पट मोठा ॲरे वाचून काढा.

फरक डोळ्यांनी बघायचाय? ४०९६ × ४०९६ पूर्णांकांचा, म्हणजे ६४ एमबीचा ॲरे घ्या. आधी तो भरा, नाहीतर पेज फॉल्टचा, म्हणजे पहिल्या स्पर्शाला मेमरी मिळवून देण्याचा वेळही हिशोबात येईल. आता बेरीज एकदा ओळीने, एकदा स्तंभाने करा. कंपायलर जीसीसी असेल तर ऑप्टिमायझेशनची पातळी ओ-२ ठेवा. ओ-३ला ते लूपची अदलाबदल करून सगळी गंमत घालवू शकतं. कॅश लाइन, म्हणजे मेमरीतून एका वेळी येणारा तुकडा, बहुधा ६४ बाइटची असते, तेव्हा ओळीने जाताना एका खेपेत १६ आकडे हाती लागतात. स्तंभात पुढचा आकडा १६ केबी लांब. लाइन आणायची आणि त्यातला एकच वापरायचा. शिवाय हे अंतर दोनाचा घात असल्याने त्या लाइनी एल-१ कॅशच्या एकाच सेटमध्ये (मोजक्या जागांच्या गटात) गर्दी करून एकमेकींना हुसकावतात. ओळीची लांबी ४११२ करून बघा, स्तंभाची बेरीज बहुतेक वेळा सुधारते. मला हा प्रयोग सगळ्यांत बोलका वाटतो.

प्रत्येक मोजणी २०-३० वेळा करा, लिनक्सच्या टास्कसेट या कमांडने प्रोग्राम एकाच कोअरवर बांधा आणि सरासरीऐवजी किमान किंवा मध्यक घ्या. दुसऱ्या प्रोसेसचा व्यत्यय वेळ वाढवतोच, कमी करत नाही. दोष खरंच कॅशचा आहे का, ते लिनक्सच्या परफ स्टॅट या मोजणीच्या कमांडमधला कॅश मिसचा (डेटा कॅशमध्ये न सापडल्याचा) आकडा सांगेल.