मुंबईतली मुले आणि आइस हॉकी: बर्फावर उतरण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

मुंबईत स्पर्धेच्या मापाची, म्हणजे ६० मीटर लांबीची, बर्फाची रिंक नाही. त्यामुळे इथली मुले वर्षातले बहुतेक महिने सोसायटीच्या किंवा शाळेच्या आवारात इनलाइन स्केटवर, म्हणजे एका ओळीत चाके असलेल्या स्केटवर, सराव करतात, अधूनमधून एखाद्या छोट्या रिंकवर जातात, आणि पूर्ण मापाचा बर्फ त्यांना शिबिराच्या आठ-दहा दिवसांपुरताच मिळतो, मग ते शिबिर डेहराडूनच्या बंदिस्त रिंकवर असो की लेहमध्ये. या मोजक्या दिवसांतले दोन-तीन दिवस हमखास वाया जातात आणि त्याचे कारण बहुधा मुंबईतच, आपल्या घरात घडलेले असते. उकाड्याला दोष देण्यात अर्थ नाही. भारताच्या महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवले ते अमिरातीतल्या अल ऐन या वाळवंटी शहरात.

सर्वांत महागात पडणारी चूक पात्यांच्या बाबतीत होते. भाचीचे स्केट मी एका जूनमध्ये कडक प्लास्टिकच्या आवरणासह कपाटात ठेवले आणि गणपतीनंतर बाहेर काढले. आवरण ओढताच त्यातून तांबूस पाण्याचे दोन थेंब फरशीवर पडले आणि पात्याच्या कडेवर बोट फिरवले तर गंजाचे खडबडीत ठिपके हाताला लागले. कडक आवरण हे रिंकपासून बाकापर्यंत चालत जाण्यासाठी असते. त्यात पाते ठेवून दिले की ओल आतच कोंडते आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद गंजायला वेळ लागत नाही. खेळ संपल्यावर पाते कोरड्या सुती फडक्याने पुसावे, एवढे सगळेच सांगतात, पण मुंबईत एकदा पुसून भागत नाही. थंडगार पाते बाहेरच्या दमट हवेत आले की थंड पाण्याच्या बाटलीसारखे त्यावर पुन्हा पाणी जमते. म्हणून अर्ध्या तासाने, पाते खोलीच्या तापमानाला आल्यावर, ते दुसऱ्यांदा पुसावे आणि मग टर्किश टॉवेलच्या कापडाचे मऊ आवरण चढवावे. पावसाळाभर स्केट वापरायचे नसतील तर पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवून ठेवावा.

गंज काढण्यासाठी मी ते पाते सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे दिले, ही त्याहून मोठी चूक होती. आइस हॉकीच्या पात्याला सुरीसारखी एक धार नसते. त्याच्या तळाशी लांबीच्या दिशेने एक उथळ पन्हळ कोरलेली असते आणि तिच्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन कडा तयार होतात. शिवाय पाते टोकापासून टाचेपर्यंत किंचित कमानदार असते. साध्या चाकावर घासले की पन्हळही जाते आणि कमानही बिघडते. स्केटला धार लावण्याचे यंत्र वेगळे असते आणि ते ज्यांच्याकडे आहे अशांकडेच, प्रशिक्षकाला विचारून, पाते द्यावे. पुष्कळदा नवे स्केट खोक्यातून धार न लावताच येतात, हेही खरेदीच्या वेळी विचारून घ्यावे. धार आहे की नाही हे घरी पाहता येते: नख कडेवर आडवे, अगदी हलके ओढले असता नखाचा बारीक कीस निघाला पाहिजे, आणि तो दोन्ही कडांवर सारखाच निघाला पाहिजे. छोट्या रिंकवरच्या मऊ बर्फाला उथळ पन्हळ पुरते, पण लेहच्या कडक नैसर्गिक बर्फावर हलक्या वजनाच्या मुलाला थोडी खोल पन्हळ लागते.

बुटाच्या मापाबद्दल थोडक्यात सांगतो. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तसे स्केट घेऊ नयेत. ढिल्या बुटात टाच वर उचलली जाते, घोटा आत कलंडतो आणि पालक म्हणतात, ‘याचे घोटेच कमजोर आहेत.’ मूल सरळ उभे असताना अंगठा बुटाच्या पुढच्या भागाला जेमतेम टेकावा आणि गुडघे वाकवल्यावर तो किंचित मागे यावा. टाच मात्र जागची हलू नये. मोजा एकच आणि पातळ असावा, कारण दोन मोजे घातल्याने पाय आवळले जाऊन उलट जास्त गारठतात.

आता सवयींकडे वळतो, कारण चाकांवर उत्तम खेळणारी मुलेच इथे जास्त अडखळतात. इनलाइनवर थांबण्यासाठी मागचा पाय आडवा ओढतात. बर्फावर दोन्ही पाती एकदम आडवी वळवून, गुडघे वाकवून, कडांनी बर्फ खरवडत थांबायचे असते. ही सवय नसलेले मूल पहिल्या दिवशी वेगाने येते, मागचा पाय ओढते आणि सरळ कठड्यावर आदळते. ‘मामा, पाय नुसता सरकतोय, थांबतच नाही,’ असे भाची पहिल्या तासाला म्हणाली तेव्हा आम्ही आधी धार तपासली, मग गुडघे पाहिले. गुडघे जवळजवळ ताठ होते. कठड्याला धरून उभे राहायचे आणि एकाच पात्याने बर्फ बाहेरच्या बाजूला ढकलायचा, हा सराव तिने वीस मिनिटे केला. पात्यापुढे पांढऱ्या भुग्याचा छोटा ढीग साचू लागला की कड योग्य कोनात बसली असे समजावे. मुंबईत हे हुबेहूब शिकवता येत नाही, पण खोल गुडघ्यांवर उभे राहण्याची आणि वळताना पाय ओलांडून टाकण्याची सवय इनलाइनवर नक्की लावता येते. चार चाकांच्या जुन्या पद्धतीच्या स्केटवर ती फारशी लागत नाही. प्लास्टिकच्या कृत्रिम बर्फाच्या फळ्या मिळतात, मात्र त्यांवर घर्षण जास्त असते आणि पाती लवकर बोथट होतात. म्हणून त्या वापरायच्या असतील तर जुनी पाती वेगळी ठेवावीत.

बर्फावरची पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरली जाणारी रबराची चकती, १५६ ते १७० ग्रॅमची असते आणि इनलाइनची हलकी, त्यामुळे मनगटाची ताकद कमी पडते. गच्चीवर सनमायकाचा गुळगुळीत तुकडा पसरून जड पक रोज पंधरा मिनिटे हाताळली तरी फरक दिसतो. मोठ्यांची स्टिक कापून मुलाला देऊ नये, कारण कापलेली स्टिक अधिक ताठ होते आणि ती वाकवण्याइतका जोर मुलाच्या हातात नसतो. स्केट घालून उभे राहिल्यावर स्टिक साधारण हनुवटीपर्यंत यावी.

क्रिकेटचे किंवा सायकलचे हेल्मेट इथे चालत नाही. १८ वर्षांखालील खेळाडूंना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार संपूर्ण चेहरा झाकणारी जाळी लागते. गळ्याचे संरक्षक कवच तर कोणत्याही कारणाने टाळू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्डच्या सामन्यात पाते गळ्याला लागून एका व्यावसायिक खेळाडूचा मृत्यू झाला होता. मुंबईतल्या सरावात ‘फार उकडते’ म्हणून हे कवच काढून ठेवण्याची सवय लागली, तर तेच मूल बर्फावरही ते काढते. उकाड्यावर उपाय म्हणजे पूर्ण साहित्याचा सराव सकाळी सातच्या आत संपवणे, दर पंधरा मिनिटांनी पाणी देणे आणि मधल्या सुट्टीत मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी देणे. दमट हवेत घाम सुकत नसल्याने शरीर निवत नाही. चक्कर किंवा मळमळ जाणवताच खेळ थांबवून मुलाला सावलीत न्यावे. सराव संपल्यावर हातमोजे आणि पॅड बॅगेत कोंबू नयेत. पावसाळ्यात ते रात्रभर पंख्याखाली उलगडून ठेवले नाहीत, तर दोन दिवसांत बुरशी धरतात.

शेवटची चूक तिकिटे काढताना होते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि विमान समुद्रसपाटीवरच्या मुलाला काही तासांत तिथे पोहोचवते. सकाळी उतरून दुपारी रिंकवर जाण्याचा बेत आखला जातो, कारण सुट्टी कमी असते. तसे न करता किमान दोन दिवस विश्रांतीसाठी धरावेत. या दोन दिवसांत धावपळ नको, पाणी भरपूर प्यावे आणि जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतलेला असावा. डोकेदुखी, उलटी आणि झोप न लागणे ही उंचीची लक्षणे आहेत. ती वाढत गेली, धाप लागू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि मुलाला कमी उंचीवर आणावे. सामना हुकेल या भीतीने मुले हे लपवतात. डोके दुखते असे सांगितल्याने संघातली जागा जाणार नाही, हे प्रशिक्षकाने आणि आईवडिलांनी त्यांना मुंबईहून निघण्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.