कॅज्युअल्टीतील संसर्ग रोखताना : टंचाईच्या दिवसांतही चालेल अशी व्यवस्था

कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, आलेल्या रुग्णाला कोणता संसर्ग आहे, हे केस पेपर निघेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. उसाच्या ट्रॅक्टरवरून पडून आलेल्या मजुराला क्षय असू शकतो, सर्पदंशाच्या रुग्णाला कावीळ ब असू शकते. म्हणून प्रत्येकाचे रक्त आणि स्राव संसर्गजन्यच आहेत असे धरून काम करावे. काही ठिकाणी एचआयव्हीबाधिताच्या केस पेपरवर लाल शाईने खूण करतात. ती प्रथा बंद करावी. तिने रुग्णाची गोपनीयता तर जातेच, शिवाय खूण नसलेल्या रुग्णाबाबत कर्मचारी निर्धास्त होतात.

रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्ताशी किंवा स्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तू हाताळल्यावर, अशा पाच वेळी हात स्वच्छ करावेत. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत नळ कोरडे पडतात आणि रुग्णालयाची टाकी टँकरवर चालते, तेव्हा हे पाण्याच्या भरवशावर जमत नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण पाहिलेच आहे. त्यामुळे मुख्य भिस्त हॅण्डरबवर (हाताला चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रावावर) ठेवावी आणि दोन्ही हात वाळेपर्यंत २० ते ३० सेकंद तो चोळावा. बाटली प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी व ड्रेसिंग ट्रॉलीवर असावी. मी काम केलेल्या एका ठिकाणी ती ‘चोरीला जाते’ म्हणून कपाटात कुलूपबंद असे, आणि किल्ली असे ड्युटी संपवून घरी गेलेल्या सिस्टरकडे.

उपलब्ध पाणी मात्र हॅण्डरब जिथे चालत नाही तिथे राखून ठेवावे. हाताला रक्त किंवा घाण दिसत असेल, किंवा जुलाबाचा रुग्ण हाताळला असेल, तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुणेच आवश्यक आहे. नळ नसेल तेव्हा बादलीत तांब्या बुडवून हात धुऊ नयेत, कारण मळलेल्या हाताने धरलेला तांब्या पुन्हा त्याच बादलीत जातो आणि पुढच्याचे हात त्याच पाण्याने ‘स्वच्छ’ होतात. त्याऐवजी झाकण आणि तोटी असलेली टाकी उंच स्टुलावर ठेवावी.

खोकणारा रुग्ण केस पेपरच्या खिडकीपाशीच ओळखून त्याला मास्क द्यावा आणि शक्यतो उघड्या खिडकीजवळ वेगळे बसवावे. तपासणाऱ्याने एन-९५ मास्क वापरावा. उन्हाळ्यात एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे कूलर. समोरची खिडकी बंद असेल तर तो खोलीतली हवाच फिरवत राहतो, आणि खोकणारा रुग्ण त्याच्या झोतात बसला असेल तर ती हवा सगळ्यांच्या तोंडावर येते. समोरची खिडकी उघडी ठेवावी आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास रुग्णालयातच तयार होतात. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत टँकरचे पाणी कधीही घालू नये. तिथे निर्जंतुक पाणीच हवे.

सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती तिथल्या तिथे नीडल कटरने तोडून पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात टाकावी. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या, नळ्या व हातमोजे लाल पिशवीत आणि काचेचे अँप्यूल निळ्या डब्यात जावेत. जमिनीवर रक्त सांडल्यास हातमोजे घालून त्यावर कापड किंवा वर्तमानपत्र पसरावे, वरून १ टक्का हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) ओतून १० मिनिटे थांबावे आणि मग पुसावे. बाजारातले हायपो ५ टक्क्यांचे असेल तर एका भागात चार भाग पाणी मिसळावे. हे द्रावण रोज ताजे करावे व उन्हात ठेवू नये, कारण क्लोरीन उडून जातो. ॲसिडमध्ये तर ते मुळीच मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

घाईत, पूर्ण निर्जंतुकता न पाळता घातलेली सलाईनची कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) वॉर्डात गेल्यावर ४८ तासांच्या आत बदलायची असते; म्हणून तिच्या पट्टीवर वेळ लिहावी.

इतके करूनही सुई टोचलीच, तर जखम दाबून रक्त काढू नये आणि त्यावर हायपोही लावू नये, साबण-पाण्याने धुवावी. लगेच वरिष्ठांना कळवून एचआयव्हीप्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यावा, कारण ७२ तासांनंतर तो सुरू करण्याचा उपयोग राहत नाही. कावीळ ब ची लस शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन डोसांत आधीच झालेली असावी, आणि ती सफाई करणाऱ्या कंत्राटी मावशी-मामांचीही झालेली असावी, कारण कचऱ्याच्या पिशवीतली सुई बहुधा त्यांनाच टोचते. एचआयव्हीप्रतिबंधक औषधाचा पहिला डोस कॅज्युअल्टीतच ठेवावा आणि त्याच्या डब्याची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे असावी.