भविष्य दिसणारी नायिका नियतीला कशी हरवते: राजघराण्यातील अद्भुतकथा लिहिताना

भविष्य जाणणारी नायिका लिहायला घेताना तिला काय दिसते यापेक्षा काय दिसत नाही, हे आधी ठरवावे. पुढचे सगळे स्वच्छ दिसणाऱ्या स्त्रीला राजवाड्यात भिण्यासारखे काही उरत नाही आणि वाचकालाही तिची काळजी वाटत नाही.

दृष्टान्त तुकड्यातच द्यावा. तो तुकडा खरा असावा, पण त्याचा अर्थ चुकीचा लावण्यास वाव असावा. समजा, राणीला मशालीच्या उजेडात फक्त एक हात दिसतो: बोटात राजमुद्रेची अंगठी आणि मनगटापर्यंत ओघळलेले रक्त. राजाचा खून होणार असे समजून ती अभिषेकाच्या आदल्या दिवशी त्याला गडाबाहेर पाठवते आणि अंगठी विश्वासाने धाकट्या दिराच्या हाती सोपवते. मारेकऱ्यांना मात्र राजा नको असून मुद्रा हवी आहे, हे तिला उशिरा कळते. आता तिच्याच उपायाने दिराचा जीव धोक्यात आला आहे, आणि कथा खऱ्या अर्थाने इथून सुरू होते. रक्त कोणाचे, हे दृश्यात कुठेच नव्हते, हे लक्षात आल्यावर ती अंगठी स्वतःच्या बोटात घालून तळहातावर सुरी ओढते. दिसलेले खरे ठरते, तरी कोणी मरत नाही. मला हा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण यात लेखक आधी दिलेला शब्द मोडत नाही.

नियतीलाही नियम हवेत, आणि ते वाचकाला लढाईच्या आधीच कळायला हवेत. महाभारताच्या वनपर्वातील सावित्रीला सत्यवानाचे आयुष्य एका वर्षाचे आहे, हे लग्नाआधीच नारदाकडून समजलेले असते. ती यमाशी बळाने लढत नाही. सासऱ्यांची दृष्टी, त्यांचे राज्य, पित्याला शंभर पुत्र असे वर मागत शेवटी सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र मागते, आणि यम ‘तथास्तु’ म्हणून आपल्याच शब्दात अडकतो. ऐन वेळी नवी दैवी शक्ती आणून नायिकेला सोडवू नये. तसे केल्यास आधीची सारी भीती खोटी पडते.

तिने हे कोणाला सांगायचे, हा प्रश्न दरबारात फार नाजूक असतो. ग्रीक पुराणकथेतील कॅसँड्राला अपोलोने भविष्य जाणण्याची शक्ती दिली आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही असा शापही दिला. राजदरबारात अशा शापाची गरजच नसते. राजाच्या मृत्यूचे भाकीत करणारी व्यक्ती आपोआप कटात सामील असल्याचा संशय ओढवून घेते, म्हणून प्रधानाने तिच्याकडे दुर्लक्ष करण्यामागे त्याचा मूर्खपणा दाखवू नये, स्पष्ट हितसंबंध दाखवावा.

प्रत्येक दृष्टान्ताची किंमतही ठरवावी. झोप, स्मृती, एखादे नाते, काहीही चालेल, पण ती परत मिळू नये.

लेखन सुरू करण्यापूर्वी वहीत प्रत्येक दृश्यासाठी तीन गोष्टी लिहाव्यात: तिला नेमके काय दिसले, तिने त्याचा काय अर्थ लावला आणि प्रत्यक्षात काय घडले. पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीत विसंगती आढळली, तर प्रकरण लिहिण्याआधीच दृश्य दुरुस्त करावे.