वृद्धाश्रमाच्या करारावर सही करण्याआधी
पुण्यात आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवताना प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर जरा थांबा. तुमच्या सहीखाली ‘नातेवाईक’ छापलंय की ‘हमीदार’, ते बघा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर हमीदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे थकलेली फी तुमच्याकडून वसूल होऊ शकते. भावंडांत खर्च वाटून घ्यायचं ठरलं असलं, तरी संस्था सही करणाऱ्यालाच धरते. म्हणून हमीची कमाल रक्कम आकड्यांत लिहून घ्या. तयार नसतील तर दुसरी जागा बघा, असंच मी सांगेन. महिन्याच्या मधेच निधन झालं तर उरलेली फी आणि अनामत कधी परत मिळणार, हे विचारायला जीभ रेटत नाही, तरीही विचारा. कराराची प्रत त्याच दिवशी घ्या.