थंडीभर झाकून ठेवलेली जुनी बाईक: किक मारायच्या आधी काय काय बघायचं

कव्हर काढलं की पहिला मोह होतो तो किक मारायचा. चावी फिरवायची, चोक ओढायचा आणि दे दणादण. मीपण वर्षानुवर्षं हेच करायचो आणि पुढचं बरंचसं काम त्या पहिल्या दहा-पंधरा किकांनीच वाढवून ठेवलेलं असायचं. तीन-चार महिने उभ्या असलेल्या गाडीत सिलेंडरच्या आतलं ऑइल निथळून खाली गेलेलं असतं, कार्बोरेटरमधलं (इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) पेट्रोल चिकट झालेलं असतं, बॅटरी अर्धमेली असते. अशात इंजिन जोरात फिरवलं की पिस्टनच्या कोरड्या रिंगा घासतात आणि बॅटरीत जो काही जीव उरलाय तोही जातो. म्हणून एक अख्खा सुट्टीचा दिवस काढा आणि किक सगळ्यात शेवटी.

आधी नुसतं बघा

गाडी उजेडात आणा, मेन स्टँडवर घ्या आणि जिथे उभी होती तिथली जमीन बघा. ऑइलचा डाग आहे का, पेट्रोलचा वास येतोय का. मग एअर फिल्टरचा डबा उघडा, हे लोक हमखास विसरतात. उंदरांना तो डबा भारी आवडतो. एकदा मी उघडला तर आत सीटचाच फोम कुरतडून केलेलं मऊ घरटं होतं, वर दोन वायरींची सालं काढलेली. तसंच सुरू केलं असतं तर तो सगळा भुगा कार्बोरेटरमध्ये गेला असता. सायलेन्सरच्या तोंडातही टॉर्च मारून बघा.

पेट्रोल, म्हणजे निम्मं दुखणं

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताजं पेट्रोल नाकात झोंबतं, जुनं झालं की ऑइलपेंटच्या डब्यासारखा जड आंबूस वास येतो. पेट्रोलमधला जो हलका भाग पटकन पेट घेतो तोच आधी उडून जातो आणि मागे राहतं ते चिकट, लवकर न पेटणारं. त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावा ओढतं आणि ओलावा जास्त झाला की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि पेट्रोल चालू-बंद करायचा कॉक नेमका तळालाच असतो. थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा, दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा रंग चहासारखा झाला असेल तर सगळी टाकी रिकामी करायची, नवीन पेट्रोल घालून "ढकलू कसंतरी" करायचं नाही. आत बघायला टॉर्चच घ्या, लायटर पेटवणारी माणसं मी पाहिली आहेत म्हणून सांगतो. गंज दिसला तर टाकी साफ केल्याशिवाय कार्बोरेटर साफ करण्यात काही अर्थ नाही, परत तेच होणार.

टाकी गच्च भरून आणि कार्बोरेटर रिकामा करून गाडी ठेवली असेल तर तुमचं काम बरंच कमी झालंय, कारण टाकीत हवाच नसेल तर ओलावा आणि गंज दोन्ही कमी.

आता कार्बोरेटर. कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या तळाशी फ्लोटची (आतली पेट्रोलची लेव्हल राखणारा तरंगता भाग) वाटी असते, तिच्याखाली एक छोटा स्क्रू असतो तो सैल करून आतलं पेट्रोल बाटलीत काढून घ्या. स्वच्छ आलं तर चांगलं, हिरवट-तपकिरी गाळ आला तर कार्बोरेटर खोलावा लागणार. स्क्रू परत आवळून कॉक उघडा आणि दोन-तीन मिनिटं ओव्हरफ्लोच्या नळीवर नजर ठेवा. पेट्रोल वाहतच राहिलं तर फ्लोटची सुई अडकलीय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच टकटक करा, बरेचदा तेवढ्यानेच सुटते.

खोललाच तर खरा गुन्हेगार असतो पायलट जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सोडणारा भाग. पितळेचा इवलासा तुकडा, मधलं भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघा, आरपार गोल प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला किंवा काहीच दिसलं नाही तर कार्ब क्लीनरचा फवारा मारा, तासभर भिजत ठेवा, परत मारा. डोळ्यांना चष्मा लावून, कारण तो फवारा दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येतो. तारेने किंवा सुईने खुपसायचं नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की आयडलिंग कधीच नीट बसत नाही. आणि हवेचा स्क्रू काढायच्या आधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती आटे फिरतो ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे बसवताना तेवढेच बाहेर काढता येतात.

ऑइल काय सांगतंय

डिपस्टिक काढा, बघा आणि वासपण घ्या. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी आहे. पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल ठेवताना होती त्यापेक्षा वर गेली असेल तर अजिबात किक मारू नका. माझ्याकडे एकदा हे झालंय, कॉक चालू राहिला होता, फ्लोटची सुई गळत होती आणि महिनाभर थेंब थेंब पेट्रोल सिलेंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. पाण्यासारखं पातळ ऑइल! त्यावर इंजिन चालवलं असतं तर बेअरिंग गेलंच असतं. असं काही दिसलं तर ऑइल आधी बदला. तसं काही नसेल तर पहिल्या राइडनंतर गरम असताना बदललेलं बरं, गाळासकट निघतं.

ज्या जुन्या गाड्यांना ऑइलची टाकी वेगळी असते त्यांचं एक नाटक असतं. उभ्या उभ्या ऑइल टाकीतून झिरपून खाली इंजिनात जमतं, टाकी रिकामी दिसते आणि माणूस वरून लिटरभर ओततो. मग सुरू केलं की सील्समधून, ब्रीदरमधून ऑइलच ऑइल. आधी खालचा नट उघडून इंजिनात जमलेलं काढा, मगच वरची लेव्हल करा.

बॅटरी

चासीला जोडलेली वायर आधी काढायची, लावताना ती शेवटी, म्हणजे पाना चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर मजेत आहे, १२.४ च्या खाली गेली असेल तर चार्ज करा, १२ च्याही खाली खूप दिवस राहिली असेल तर प्लेटांवर पांढरा थर बसलेला असतो आणि बहुतेक वेळा ती वाचत नाही. अॅसिडची असेल तर प्लेटा बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही. चार्जिंग सावकाश, क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ९ अॅम्पिअर-अवरच्या बॅटरीला ०.९ अॅम्पिअर. कारचा मोठा चार्जर लावून अर्ध्या तासात उरकायला जाल तर ती उकळून मरते.

प्लग काढून हाताने फिरवा

प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, अर्धा तास चहा-पाणी करा. मग टॉपचा गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. इंजिन मऊपणे फिरलं पाहिजे. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, अजून ऑइल सोडून एक रात्र जाऊ द्या.

प्लगचा गॅप बहुतेक गाड्यांना ०.६ ते ०.८ मिलिमीटरमध्ये असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. न्यूट्रल करा, प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब कारण तिथून पेट्रोलची वाफ येते, आणि किक मारून ठिणगी बघा. निळसर, कडक आवाजाची हवी. पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क असलेली) जुनी गाडी असेल आणि ठिणगीच नसेल तर नव्वद टक्के पॉइंटवर पांढरट थर चढलाय, कोऱ्या कागदाची पट्टी दोन पॉइंटांमध्ये धरून पाच-सहा वेळा ओढा, एवढ्यावर जमतं. नाही जमलं तर बारीक पॉलिश पेपर.

क्लच, ब्रेक, टायर

क्लच दाबून, गिअरमध्ये टाकून गाडी ढकला. चाक अडलं तर प्लेटा एकमेकींना चिकटल्यात. लिव्हर दाबलेल्या अवस्थेत दोरीने बांधून रात्रभर ठेवा, मग टॉप गिअरमध्ये पुढेमागे हिसके द्या, कट् असा आवाज येऊन सुटतात. हे सुरू करायच्या आधीच बघायचं, नाहीतर पहिला गिअर टाकल्या टाकल्या गाडी तुम्हाला घेऊन समोरच्या भिंतीत.

ब्रेकवर मात्र कंजूषपणा नको. डिस्क असेल तर लिव्हर दाबून सोडा आणि चाक फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे, घासत राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन अडकलाय. ब्रेक ऑइलही ओलावा ओढतं, दोन वर्षं झाली असतील किंवा रंग गडद झाला असेल तर बदलूनच टाका. रंगावर सांडू नका, रंग निघतो. ड्रम असेल तर उघडून शू बघा, आत गंजाची पूड असते, ती फुंकायची नाही, जुन्या शूमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

टायरच्या कडेवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ओल्यात घसरतं. इतका जुना असेल किंवा भेगा असतील तर बदला, नसेल तर हवा भरा. चेन रॉकेलने पुसून ऑइल लावा, पण इंजिन बंद ठेवून. चालू चेनला फडकं लावून बोटं गमावलेली माणसं आहेत.

आता मारा किक

गाडी बाहेर मोकळ्यावर, बंद खोलीत नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. कॉक चालू, चोक पूर्ण, अॅक्सिलरेटरला हात नाही. आणि किल स्विच बघा! मी एकदा पाऊण तास किका मारल्या, प्लग दोनदा काढला, शेजाऱ्याला बोलावलं, त्याने येऊन नुसतं बोटाने लाल बटण सरकवलं आणि काही न बोलता निघून गेला.

दहा किकांत सुरू झाली नाही तर थांबा, प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, पुसून लावा, चोक बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारा. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये, परत कॉक आणि जेट.

सुरू झाली की रेस करू नका, कितीही मोह झाला तरी. ऑइल सगळीकडे पोचायला वेळ लागतो. ऑइलचा दिवा असेल तर काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. सुरुवातीला पांढरी वाफ आणि आपण घातलेल्या चमचाभर ऑइलचा थोडा निळा धूर येणारच, पण गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील. चोक आत सारल्या सारल्या बंद पडत असेल तर तो पायलट जेट अजून साफ झालेला नाही. बॅटरीवर मल्टिमीटर लावून थोडी रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक.

मग चक्कर. आधी चालायच्या वेगाने दोन्ही ब्रेक आजमावा, मग किमान वीस-पंचवीस मिनिटं चालवा. जागेवर पाच मिनिटं चालवून बंद करण्यापेक्षा सुरू न केलेली बरी, कारण इंजिन पुरतं गरम झालं नाही तर आतलं पाणी उडत नाही, ऑइलमध्येच राहतं.

परत आल्यावर गरम ऑइल काढून नवीन भरा, कॉक बंद करा आणि गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर काळपट डाग असेल तर कुठलातरी नट किंवा सील ऑइल सोडतोय, त्याच्या वर नेमकं काय आहे ते बघा. डाग नसून नुसता पेट्रोलचा वास असेल तर कॉकही बंद धरत नाहीये, त्याचा वॉशर बदला.